एम्युलेटरमध्ये दूध सांडत नाही

माझ्या कॉम्प्युटरमध्ये सध्या तीन माणसं राहायला आहेत. तात्या, वहिनी आणि टेंपोवाला. तिघंही अँड्रॉइडचे एम्युलेटर आहेत, म्हणजे डेस्कटॉपच्या पडद्यावर चालणारे खोटे फोन. पूर्वी त्यांना अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे ॲप लिहायचा प्रोग्रॅम, आपसूक देतो तीच नावं होती, पिक्सेल अमुक, एपीआय तमुक. ती का बदलली, ते सांगते. थोडं लांबेल.

माझे मामा संगमनेर तालुक्यात दूध संकलन केंद्र चालवतात. सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी परत तेवढंच. माणूस किटली घेऊन आला की दूध मोजायचं, चमचाभर मशीनला लावायचं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आले की भिंतीवरच्या दरपत्रकात बोट फिरवून दर काढायचा, वहीत लिहायचा, पावती फाडायची. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार. त्याच्या आदल्या रात्री मामा आणि मामी कॅल्क्युलेटर घेऊन बाराएक वाजेपर्यंत बसायचे आणि तरी बेरीज चुकायची. २०२२ च्या दिवाळीत मामी मला म्हणाली, "अख्ख्या दुनियेला ॲप करून देतेस, मामाला एक दे की करून." मी पुण्यात हेच काम करते, २०१२ पासून. नाही कसं म्हणणार?

त्यामुळे शनिवार-रविवारी बसून मामांचं ॲप लिहायला घेतलं. आणि तपासायचं सगळं घरच्या डेस्कटॉपवर.

आता एम्युलेटरचं मला मुळातच कौतुक आहे, कारण मी त्याचे वाईट दिवस पाहिलेत. २०१२ साली एक्लिप्समध्ये, म्हणजे ॲप लिहायच्या तेव्हाच्या प्रोग्रॅममध्ये, एम्युलेटर चालू करायचा म्हणजे विधी असायचा. कॉम्प्युटरचा प्रोसेसर एका जातीचा, फोनचा दुसऱ्या जातीचा, त्यामुळे फोनची प्रत्येक सूचना भाषांतर करून चालवावी लागायची. पडद्यावर अँड्रॉइड हा शब्द चमकत राहायचा आणि आम्ही खाली जाऊन चहा पिऊन यायचो. वर आलो तरी तो चमकतच असायचा. एकदा उघडला की दिवसभर बंद करायचा नाही, हा अलिखित नियम. कुणी चुकून फुली दाबली की शेजारचे हळहळायचे, कुणाचं सुतक पडल्यासारखे. नंतर फोनची प्रतिमाच, म्हणजे एम्युलेटरमध्ये भरायचं अख्खं अँड्रॉइड, कॉम्प्युटरच्या इंटेल जातीची मिळायला लागली, तिला प्रोसेसरचं व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे भाषांतराशिवाय आत दुसरी सिस्टिम चालवायची सोय, थेट वापरता यायला लागलं. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ते चालू करायचं, एवढंच. २०१६ मध्ये अँड्रॉइड स्टुडिओ २.० बरोबर नवा एम्युलेटर आला तेव्हा तो इतका पटकन उघडला की काहीतरी बिघडलंय असं मला वाटलं होतं. आज माझ्या लिनक्सच्या डेस्कटॉपवर तो माझ्या खऱ्या फोनपेक्षा जलद चालतो. हे 'खऱ्यापेक्षा जलद' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आयफोनवाल्यांकडे असतो तो सिम्युलेटर. दोन्ही शब्द एकच समजतात लोक, पण फरक आहे. एम्युलेटर म्हणजे अंगात येणं, सिम्युलेटर म्हणजे सोंग घेणं. एम्युलेटरमध्ये अख्खं अँड्रॉइड आतून चालतं. सिम्युलेटरमध्ये तुमचं ॲप मॅकचाच प्रोग्रॅम होऊन चालतं आणि फोन असल्यासारखं वागतं. माझी एक मैत्रीण यात फसली होती. चित्राच्या फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल, कोडमध्ये स्मॉल. मॅकला बहुधा त्याचं सोयरसुतक नसतं, आयफोनला असतं. सिम्युलेटरवर लोगो दिसायचा, ग्राहकाच्या हातातल्या फोनवर नुसती पांढरी चौकट.

तर, माझं काम छान चाललं होतं. जाताजाता दोन गमती झाल्या, त्या आधी उरकते.

पहिली, पत्त्याची. एम्युलेटरच्या आतून 'लोकलहोस्ट' म्हटलं की तो स्वतःकडेच बघतो. डेस्कटॉपवरच्या सर्व्हरला गाठायचं तर १०.०.२.२ हा पत्ता द्यावा लागतो. दिला. सगळं चाललं. तेच ॲप तसंच मामांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यांच्या फोनला १०.०.२.२ म्हणजे कोण? त्यांनी अर्धा तास 'सर्व्हर सापडत नाही' बघितलं आणि मला न सांगता रेंज मिळावी म्हणून गच्चीवर जाऊन आले.

दुसरी गंमत नकाशाची. दूध घेऊन जाणारा टेंपो कुठल्या केंद्रावर पोचलाय ते ॲपने ओळखावं, अशी कल्पना होती. एम्युलेटरला जन्मतः वाटत असतं की आपण कॅलिफोर्नियात, माउंटन व्ह्यूला, गूगलच्या ऑफिसात आहोत. त्यामुळे ॲपने इमानदारीत सांगितलं, केंद्र तेरा हजार किलोमीटरच्या वर लांब आहे. मग मी टर्मिनलमधून जागा बदलली. संगमनेरचा अक्षांश १९.५७, रेखांश ७४.२१. त्या 'जिओ फिक्स' नावाच्या आज्ञेला रेखांश आधी लागतो आणि आपण शाळेपासून अक्षांश आधी म्हणत आलोय. मी उलटं दिलं. टेंपो थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बॅरेंट्स समुद्रात, बेअर आयलंड नावाच्या बेटाशेजारी जाऊन तरंगायला लागला. मामांना त्याचा स्क्रीनशॉट पाठवला तर म्हणाले, "तिथं बर्फच बर्फ असंल, कूलरचं बिल वाचलं."

डिसेंबरात ॲप मामांच्या फोनवर नीट बसवलं. रविवारी मी स्वतः तिथे होते, संध्याकाळचं संकलन माझ्या फोनवर करून दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, मामीने भाकरी-पिठल्यावर जास्तीचं लोणी घातलं. रात्री मी पुण्याला परतले. सोमवारी सकाळी पावणेसातला फोन.

"तायडे, तुझं ॲप मिटतंय."

"मिटतंय म्हणजे?"

"म्हणजे लिटर टाकलं, फॅट टाकली, दर पण दाखवला त्यानं. जतन म्हटलं की मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. हितं रांग लागलीय गं. मी वही घेतो."

आणि ठेवला फोन.

मी अंथरुणातून उठून डेस्कटॉपसमोर. एम्युलेटर उघडला, तेच लिटर, तीच फॅट, तोच सभासद क्रमांक. जतन. झालं जतन. वीस वेळा केलं, वीस वेळा झालं. 'माझ्याकडे तर चालतंय' हे वाक्य आमच्या धंद्यात इतकं बदनाम आहे की ते तोंडातून काढायचीही लाज वाटते, पण माझ्याकडे खरंच चालत होतं. अँड्रॉइडची आवृत्ती मामांच्या फोनची होती तीच घेतली. चाललं. पडद्याचा आकार तोच घेतला. चाललं. नेट बंद केलं. तरी चाललं.

पावणेनऊला मामीला म्हटलं, मिटायच्या आधीच्या पडद्याचा स्क्रीनशॉट पाठव. तिने पाठवला. मी लिटर बघितले, फॅट बघितली, दर बघितला. सगळं बरोबर. फोन बाजूला ठेवणार तेवढ्यात नजर वर गेली, बॅटरीच्या शेजारी. तिथे वेळ होती ८:५२. मराठी आकड्यांत.

माझ्या एम्युलेटरवर वेळ इंग्रजी आकड्यांत दिसते, कारण तो अमेरिकन इंग्रजीत जन्माला येतो आणि मी तो तसाच ठेवते. माझा स्वतःचा फोनही इंग्रजीत. रविवारी दाखवताना वापरला तो माझाच फोन. मामांचा फोन मामीने घेतल्या दिवशी मराठीत केलेला.

एम्युलेटर मराठीत केला. जतन दाबलं. मिटलं! एवढा आनंद मला ॲप चालल्यावरही होत नाही.

आता आत काय घडत होतं ते. दर दोन दशांशांपर्यंत गोल करायला मी आळशी लोकांची नेहमीची युक्ती वापरली होती: आकड्याचं आधी दोन दशांशांच्या मजकुरात रूपांतर करायचं, मग त्या मजकुराचा परत आकडा करायचा. फोन इंग्रजीत असेल तर बिनबोभाट चालतं. फोन मराठीत असेल तर मजकूर करणारा भाग मोठ्या अदबीने मराठी आकडे काढून देतो, ३३.८०. आणि मजकुराचा आकडा करणारा भाग ते बघून म्हणतो, ही कसली अक्षरं? आणि जीव सोडतो. एका हाताने मराठीत लिहायचं, दुसऱ्या हाताला मराठी वाचता येत नाही, असा कारभार. त्यातही मेख अशी की पूर्णांक वाचणाऱ्या भागाला मराठी आकडे कळतात. म्हणून सभासद क्रमांक निमूट पुढे गेला आणि गाडी अगदी शेवटच्या पायरीवर, दरावर, घसरली.

मला जास्त लागलं ते पुढचंच. मी देवनागरी तपासली होती हो! ॲप नवं असताना, अक्षरं कुठे कापली जातात का बघायला, एम्युलेटर एकदा हिंदीत टाकला होता. यादीत हिंदी पटकन सापडली, म्हटलं लिपी तर एकच. पण अँड्रॉइड ज्या माहितीवरून भाषांचे रिवाज ठरवतं तिच्यात हिंदीचे आकडे इंग्रजी आणि मराठीचे आकडे देवनागरी धरलेत. हिंदीत हा बग दिसूच शकत नाही. नेपाळीत दिसेल, बंगालीत दिसेल, मराठीत दिसेल. मराठी ॲप लिहिणाऱ्या मराठी बाईने हिंदीवर भागवलं आणि तोंडावर आपटली.

वर अँड्रॉइड स्टुडिओने त्या ओळीखाली पिवळी रेघ मारून ठेवलीच होती. लोकेल (कुठल्या भाषेचे रिवाज ते) न सांगता आकडे मांडताय, हा बग्सचा नेहमीचा उगम आहे, अशा अर्थाची सूचना. पिवळ्या रेघांकडे मी रस्त्यावरच्या पिवळ्या रेघांइतकंच लक्ष देते.

दुरुस्ती दहा मिनिटांची. हिशोब आता पूर्ण पैशांत, पूर्णांकात ठेवते, गोल करणं आकड्यातच होतं, साठवायला आणि पाठवायला कायम इंग्रजी आकडे, पडद्यावर आणि पावतीवर मराठी. हे शेवटचं मामीमुळे. मी सगळीकडेच इंग्रजी आकडे करून मोकळी होणार होते. ती म्हणाली, म्हाताऱ्यांना पावतीवर आपलेच आकडे लागतात, नाहीतर ते सचिवाकडून वाचून घेतात आणि सचिवावर त्यांचा विश्वास नाही. सचिव म्हणजे मामाच.

त्यानंतर मी एम्युलेटरला, ॲप ज्यांच्या हातात जाणार त्या माणसांची नावं द्यायला लागले.

तात्या सर्वात जुने. कमी मेमरी, लहान पडदा, भाषा मराठी, अक्षरं सर्वात मोठी, आणि साठवणीची जागा मी मुद्दाम भरून ठेवलीय, कारण खऱ्या तात्यांच्या फोनमध्ये शुभ सकाळच्या चित्रांनी ती कायम भरलेली असते. अक्षरं मोठी केल्याबरोबर 'जतन करा' मधलं 'करा' खाली गेलं आणि 'रद्द करा' पडद्याबाहेर. वहिनीचा फोन डार्क मोडमध्ये. त्यात काळ्यावर काळं लिहिलेला एक रकाना सापडला. टेंपोवाल्याचं नेटवर्क एज, म्हणजे जुनं रांगणारं, आणि सिग्नल वाईट असं एम्युलेटरच्या कंट्रोलमधून लावून ठेवलंय, मध्येच मी ते तोडते. घाटात रेंज जाते ना, तसा मी त्याचा घाट बनते. नोंदी दोनदा जाणं, मधली एक गाळणं, असले सगळे प्रकार त्याने दाखवले.

या तिघांनी माझं निम्मं काम घरबसल्या केलं. पण निम्मंच.

तात्यांची मेमरी कमी केली तरी प्रोसेसर माझ्या डेस्कटॉपचाच राहतो आणि डिस्कही माझीच. खऱ्या तात्यांच्या स्वस्त फोनमध्ये एका सभासदाचा वर्षाचा हिशोब उघडायला चार-पाच सेकंद लागतात. माझ्याकडे पापणी लवत नाही. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला रात्री ॲपचा गळा दाबतात, मग नोंदी सर्व्हरला जातच नाहीत. हे कुठल्याही एम्युलेटरमध्ये दिसलं नाही, कारण त्यात असतं ते स्वच्छ अँड्रॉइड, कंपनीने आपलं घालून खिचडी न केलेलं.

आणि बोटं. डेस्कटॉपवर मी माऊसने दाबते. माऊसचं टोक सुईएवढं, कधी चुकत नाही. जानेवारीत एक सकाळ केंद्रावर नुसती उभी राहिले. मामा डाव्या हाताने किटली ओततात, उजव्या हाताच्या अंगठ्याने फोन. अंगठ्याला दूध, मशीनच्या नळीचं पाणी, आणि थंडीने बधिर. पडद्यावर दुधाचा एक थेंब पडला आणि त्या थेंबाने आपणहून 'रद्द' दाबलं. मी डोळ्यांनी पाहिलं. फोनला तो थेंब म्हणजे बोटच. मामांनी काही न बोलता सदऱ्याला फोन पुसला आणि परत सगळं टाकलं. किती दिवस असं करत होते कोण जाणे, मला त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी तो दुधाचा दोष होता.

गूगल म्हणतं बटण निदान ४८ डीपी हवं, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. कोरड्या बोटाला ठीक आहे. मी 'जतन' पडद्याभर रुंद केलं, खाली ठेवलं, आणि 'रद्द' वर कोपऱ्यात टाकून त्याला 'नक्की का?' विचारायला लावलं. रांग त्यानंतर भराभर सरकायला लागली, असं मामी म्हणते. मामा म्हणतात, थंडी कमी झाली म्हणून.

प्रिंटरचं दुखणं सर्वात लांबलेलं. दोन इंची थर्मल प्रिंटर, ब्लूटूथने जोडायचा, किराणा दुकानात असतो तसा. माझ्या एम्युलेटरला ब्लूटूथ नव्हतं. शिवाय या स्वस्त प्रिंटरला देवनागरी येत नाही, अक्षरं पाठवली की चौकोन छापतो. म्हणून पावती चित्र म्हणून काढायची, ३८४ ठिपके रुंद, आणि ते चित्र पाठवायचं. मी डेस्कटॉपवर एक खोटा प्रिंटर लिहिला, तो कागदाऐवजी फाइलमध्ये छापायचा. फाइलमध्ये पावत्या काय सुरेख यायच्या! रफार, अनुस्वार, वेलांट्या, सगळं जागच्या जागी. खऱ्या कागदावर बारीक रेघा उडून गेल्या. 'रक्कम रुपये' चं 'रक्कम रुपय' झालं, आणि अनुस्वार गेल्यामुळे एका सभासदाचं 'पंढरीनाथ' चं 'पढरीनाथ'. तो चिडला. पैसे बरोबर होते, पण नाव बरोबर नसेल तर पैसे दुसऱ्याच्या खात्यावर गेले असणार, हा त्याचा तर्क. तर्कात खोट काढता येईना. फॉन्ट जाड केला, एक आकार वाढवला. मग पावती लांब झाली, अख्खं चित्र एकदम पाठवलं की प्रिंटर मधल्या ओळी गिळायला लागला. नेमकी एसएनएफची ओळ. आता तुकड्या-तुकड्याने पाठवते, दोन तुकड्यांत श्वास घ्यायला वेळ देऊन. तो श्वास किती द्यायचा, हे प्रिंटर समोर असल्याशिवाय ठरत नाही. पुण्यात मी ठरवलेला आकडा तिथल्या अर्ध्या उतरलेल्या बॅटरीवर चुकीचा ठरला.

म्हणून शेवटी मामांचा जुना प्रिंटर मी घरी आणला. तो डेस्कटॉपच्या शेजारी असतो, त्याच्यापुढे मामीचा काच तडकलेला जुना फोन, आणि त्याच्यापुढे फुलझाडांवर मारायचा पाण्याचा फवारा. आधी तात्या, वहिनी, टेंपोवाला. तिघांकडून पास झालं की तडकलेला फोन. त्यावर दोन फवारे मारून ओल्या अंगठ्याने दहा नोंदी. आमच्या घरी आलेल्या एका पाहुण्यांनी नवऱ्याला हळूच विचारलं होतं, ही फोनला पाणी का घालते.

काल मामांचा परत फोन होता. पुढच्या महिन्यापासून म्हशीचं दूध पण घ्यायचं म्हणतायत. म्हणजे दुसरं दरपत्रक, दुसऱ्या फॅटच्या मर्यादा, आणि एकच माणूस दोन किटल्या घेऊन आला तर एका पावतीवर दोन्ही. शनिवारी सकाळच्या एसटीने संगमनेरला जातेय. पिशवीत प्रिंटरच्या कागदाचे सहा रोल आहेत, मामीने सांगितलेला पुण्याचा खाऊ अजून आणायचाय.